कोऱ्या पानावरचं कुंकू

समजा, तुम्हाला शिकायला जर्मनीला जायचंय. समोर फाइल उघडी आहे. विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आरोग्यविमा, वर्षभराचा खर्च तिथल्या बँकेत आधीच ठेवल्याचा दाखला, सगळं एकावर एक रचून झालंय. मुंबईची व्हिसा-मुलाखत तोंडावर आलीय. फक्त पासपोर्ट स्कॅन करायचा राहिलाय. तुम्ही तो उघडता आणि आतल्या कोऱ्या पानावर कुंकवाची दोन बोटं!

अमरावती जिल्ह्यात वरूडजवळच्या गावातल्या अपेक्षाचं नेमकं हेच झालं.

"माय, हे काय केलं वो तू?"

"काहून ओरडून राहिली?" पार्वताबाई देवघरातूनच म्हणाल्या. "ट्रॅक्टर आला तवा लावलं, संत्र्याची पहिली पेटी निघते तवा लावते. तू तं एवढ्या दूर चालली. अन् फोटोवर नाही लावलं, तेवढं समजते मले. कोऱ्या पानावर लावलं."

"कोऱ्या पानावरच तं व्हिसा चिकटवतात!"

धाकट्या पियुषला हसू आवरेना. "जर्मनीच्या आधी तूच शिक्का मारून टाकला माय! आता तूच ने तिले इमानात बसवून."

अपेक्षालाही हसू फुटलं, पण तिनं पुढची पानं उलटून पाहिली. ओलं कुंकू पाठच्या पानांतही उतरलं होतं. ओल्या कापसानं पुसायला गेली, तर कागदच भुसभुशीत झाला. असा पासपोर्ट कोण घेणार? आणि ही मुलाखत हुकली तर पुढची तारीख वर्ग सुरू झाल्यावरच. म्हणजे प्रवेश गेला.

बागेतल्या ठिबकला सेन्सर बसवून, कोणत्या झाडाला किती पाणी हवं ते मोबाईलवर दाखवणारी ही पोरगी. अमरावतीत इंजिनिअर झाली, घरातली पहिलीच. पाण्याच्याच विषयात पुढं शिकायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ती रडत बसली नाही. खराब झालेला पासपोर्ट बदलून मिळतो, हे तिनं शोधून काढलं. अमरावतीच्या पासपोर्ट केंद्रात जवळची तारीख नव्हती. सकाळपासून ती पासपोर्टची साइट पुन्हा पुन्हा उघडत राहिली आणि दुपारी अकोल्याची एक तारीख दिसली. "मिळाली!" म्हणून ती अशी ओरडली की गोठ्यातून वडील खुशालराव धावत आले.

बापलेक बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेले. खिडकीतल्या साहेबांनी पासपोर्ट उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"कुंकू, सर. आईनं पूजा केली."

साहेब तिच्या वडिलांकडे वळले. "तुम्ही घरी नव्हते का, काका?"

"होतो ना जी," खुशालराव ओशाळून म्हणाले. "नारळ म्याच फोडला."

आख्खी रांग हसली. साहेबांनी लेखी खुलासा घेतला, जुना पासपोर्ट रद्द केला आणि अर्ज पुढं सरकवला.

पोलीस पडताळणी झाली. मुलाखतीच्या चार दिवस आधी पोस्टमन नवा पासपोर्ट घेऊन आला, तेव्हा पार्वताबाई हात पाठीमागं बांधून उभ्या होत्या. "मी नाही लावत हात. तूच घे."

पण नंबर बदलला होता! विम्यावर जुना, बँकेच्या दाखल्यावर जुना. अपेक्षानं दोन्हीकडे मेल टाकले. विम्याचा नवा कागद लगेच आला. बँकेचा आला तेव्हा ती मुंबईच्या गाडीत बसलेली होती. दादरला उतरल्या उतरल्या दुकान शोधून तिनं प्रिंट काढली आणि थेट मुलाखतीला गेली. काय शिकणार, तेच का, नंतर काय करणार? ठिबकचा विषय निघाला तशी ती एवढी रंगून बोलली की मुलाखत घेणाऱ्या बाईंनाच तिला थांबवावं लागलं.

काही आठवड्यांनी व्हिसा आला. तिच्या फोटोसकट, स्वच्छ पानावर. गावभर पेढे वाटले गेले. पियुष तर वेशीपर्यंत ओरडत गेला.

अपेक्षा मात्र त्या पानावरची तारीख वाचत बसली. व्हिसा काही महिन्यांचाच होता. तेवढ्या मुदतीत तिथं पत्ता नोंदवायचा आणि मग राहण्याच्या परवान्याचं कार्ड काढायचं. विद्यापीठाच्या वसतिगृहानं तर प्रतीक्षा यादीत टाकलं होतं, म्हणजे भाड्याची खोली शोधणं आलं. तिनं जर्मनीतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: "घरमालकाच्या पत्राशिवाय पत्ता नोंदवत नाहीत, नोंदणीशिवाय कार्ड नाही, आणि मी विचारून पाहिलेले घरमालक आधी कार्ड मागतात. मग तुम्ही सुरुवात कुठून केली?"