दिवा बंद, शालिग्रामभाऊ हजर

आमच्या कचेरीतल्या शालिग्रामभाऊंचा कशावरच विश्वास नव्हता. बसच्या पाटीवर बुलढाणा लिहिलेलं असलं तरी ते कंडक्टरला विचारत, आणि कंडक्टरने हो म्हटलं तरी आतल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारूनच पाय वर ठेवत. मी त्यांच्यावर हसायची. मी अन्नपूर्णा, त्याच कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणारी. हसायचा मला काही हक्क नव्हता, ते पुढे कळेलच.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीचा त्यांचा जन्म. वडील उकंडराव वांगी-मेथी लावायचे आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला यायचे. या उकंडरावांच्या बंडीच्या खिशात कायम एक दगड असे. तो त्यांनी तीन निरनिराळ्या काट्यांवर तोलून घेतलेला होता. व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी दगड चढे, मग वांगी. शालिग्रामभाऊ बापाचा तो दगड डोक्यात घेऊनच नोकरीला लागले, असं मी म्हणायची. ते रागावत नसत. "दगड हाये म्हणून त वांगे बरोबर तोलल्या जाते," म्हणत.

आणि संशय घ्यायला त्यांना कारणंही मिळाली. ऐन उमेदीच्या काळात आमच्या कचेरीत एका साहेबांनी लाकडी सूचनापेटी लावली होती. नाव लिहू नका, मनातलं बिनधास्त लिहा, असं त्यावर खडूने लिहिलं होतं. आयुष्यात एकदाच शालिग्रामभाऊंनी विश्वास ठेवला आणि चिठ्ठी टाकली, की पाण्याचा माठ गळतो, नवीन आणावा. अक्षर वळणदार, लगेच ओळखू आलं. पंधरा दिवसांत त्यांची बदली आतल्या रेकॉर्ड खोलीत झाली. माठ गळतच राहिला.

ती खोली म्हणजे शिक्षाच. लांबट, अंधारी, उंचावर एक हातभर झरोका, आणि लोखंडी घोडे, म्हणजे उंच मांडण्या, भरून गावोगावचे जुने कागद. जो कोणालाच नको त्याला तिथे टाकायचे. शालिग्रामभाऊ मात्र तिथे रमले. तिसऱ्या घोड्यामागे त्यांचं छोटं टेबल. त्यावर जुनी वही उघडायची आणि पुतळ्यासारखं बसायचं. तो कागद इतका कडक झालेला असतो की कोपराचा धक्का लागला तरी पान तुटतं, म्हणून अंग न हलवता वाचायची त्यांना सवयच लागली. बावीस वर्षं ते तसे बसले. कोणत्या गावची कोणती वही कुठे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा.

त्यांच्या निवृत्तीला चार-पाच महिने होते तेव्हा नवीन साहेब आले. शिकून-सवरून पुण्याकडे वाढलेले, पण घराणं मूळ आमच्याच जिल्ह्यातलं, बीबी गावचं. माणूस वाईट नव्हता, घाई फार. आल्या आल्या त्यांनी वीज वाचवायची म्हणून आतल्या खोल्यांतून आपोआप लागणारे दिवे बसवून घेतले. माणिकराव वायरमनने प्रत्येक दाराच्या वर, आतल्या बाजूने, अर्ध्या लिंबाएवढं पांढरं टोपण ठोकलं. माणूस आत शिरला की दिवा लागायचा, माणूस गेला की थोड्या वेळाने विझायचा.

कचेरीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं कॅमेरा आहे, कोणी म्हणालं आत माईक आहे, साहेब घरी बसून ऐकतात. मीसुद्धा त्या टोपणाखाली घरच्या गोष्टी बोलायचं बंद केलं, खोटं कशाला सांगू. शालिग्रामभाऊंनी तर माणिकरावाला शिडीवरच धरलं.

"हे काऊन लावून राह्यला बे?"

"बत्तीसाठी, भाऊ."

"बत्तीले बटन होतं ना. याले डोळा कायले?"

"डोळा नाही हो भाऊ. याले तुमचं तोंड दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. आंगातून गरमी निघते ना, तेवढी याले समजते. तेबी गरमी हालली तरच. तुम्ही चालले, हात हालवला, का हे बत्ती लावते. पाच मिनिटं काहीच हाललं नाही त समजते खोली खाली हाये, अन् बंद करते."

"अन् हे सगळं कोठं लिहिल्या जाते?"

"कोठंच नाही."

"हाव," शालिग्रामभाऊ म्हणाले, "त्या पेटीवरबी असंच लिहिलं होतं."

त्यांनी स्वतःचा अर्थ लावून घेतला. दिवा लागला म्हणजे डोळा उघडा, विझला म्हणजे मिटला. आता काम करायचं तर तो मिटल्यावरच. रोज सकाळी खोलीत शिरून ते घोड्यामागे बसत आणि मुळीच हलत नसत. पाच मिनिटांनी दिवा गेला की झरोक्यातून टेबलावर पडणाऱ्या उजेडात वही उघडत. पान उलटायचं तेही दोन बोटांनी, हळूहळू. दार लांब, मध्ये कागदांनी भरलेले घोडे, त्या टोपणाला पत्ता लागत नसे. शेतात ससा दिसल्यावर माणूस श्वास धरून बसतो तसे ते त्या टोपणासमोर बसायचे. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही पोट धरून हसलो असतो, आणि पुढचं काही घडलं नसतं.

साहेब दुपारी बाराच्या सुमारास कचेरीत फेरी मारत. रेकॉर्ड खोलीच्या दाराला वरच्या अंगाला काच आहे. सोमवारी काच काळी. मंगळवारी काळी. बुधवारीही काळी. साहेबांनी दार उघडून पाहिलं नाही. कशाला उघडतील? दिवा बसवलाच होता त्यासाठी. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"शालिग्राम आत असतात का हो या वेळी?"

मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द लक्षात आहे. "दिवा बंद आहे साहेब. मला तर दिसले नाहीत."

खोटं नव्हतं ते. मला ते दिसले नव्हतेच. पण मनात मी पुढचंही म्हणून टाकलं होतं, की गेले असतील म्हातारबुवा आपल्या वांग्यांना पाणी द्यायला, आता जायचे दिवस आले, कोण विचारतंय. हा संशय माझा होता, साहेबांचा नव्हता, आणि तो माझ्या आवाजात साहेबांना ऐकू गेला असणार.

गुरुवारी शालिग्रामभाऊंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. लागोपाठ तीन दिवस कामाच्या वेळी जागेवर गैरहजर. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल. छत्तीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक ठिपका नव्हता. आता शेवटच्या पानावर 'कामचुकार' लिहिलं जाणार आणि ते घेऊन ते घरी जाणार. नोटिशीत खाली एक ओळ होती, की आवक-जावक लिपिक श्रीमती अन्नपूर्णा यांनीही दुजोरा दिला आहे.

ते नोटीस घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या नावावर बोट ठेवलं.

"ताई, तुम्ही आत येऊन पाह्यलं होतं का?"

मला राग आला. चूक आपली असली की मला आधी रागच येतो. "मग अंधारात काय करत होता तुम्ही? आत असता तर दिवा लागला नसता का?"

"मी त्याले झोपी लावून काम करतो," ते खाली बघत म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक माणूस आपल्याच खोलीत श्वास धरून बसतो, आणि आम्ही त्याला पळपुटा ठरवतो. मी म्हटलं, "हेच लिहून द्या ना भाऊ."

"लिहून देऊ? का मी मशीनपासून लपून बसतो म्हणून? मंग म्हणतील, याच्या मनात चोर नसता त लपला कायले असता?" त्यांनी नोटिशीची घडी करून खिशात ठेवली. "कागदावर कोण इश्वास ठेवते, ताई. मी साहेबाले बसवतोच तेथं."

शुक्रवारी त्यांनी साहेबांना तोंडी विनंती केली, की खुलासा लिहून देत नाही, रेकॉर्ड खोलीत येऊन पंधरा मिनिटं बसा, हाच माझा खुलासा. साहेबांच्या कपाळावर आठी. शालिग्रामभाऊ गेल्यावर साहेब मला म्हणाले, "हा मला आत कशाला बोलावतोय? काही हातावर ठेवायचा विचार तर नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, तो माणूस देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातो. तो तुमच्या हातावर काय ठेवणार?" साहेबांनी समोरची फाइल ओढली; जाईन की नाही, ते सांगितलं नाही.

शनिवारी मी डबा खाऊन परत आले तर साहेबांची खुर्ची रिकामी. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वरच्या कार्यालयातून होता, साहेबांना ताबडतोब द्या. मी फोन बाजूला ठेवून शोधायला गेले. मीटिंगच्या खोलीत नाहीत. अंगणात गाडी उभी, पण साहेब नाहीत. रेकॉर्ड खोलीची काच काळी. मी परत येऊन ठसक्यात सांगितलं, "साहेब जागेवर नाहीत. सगळीकडे पाहून आले."

"बरं, मोबाइलवर बघतो," तिकडचा माणूस म्हणाला.

मी पाण्याची बाटली भरायला बाहेर निघाले. रेकॉर्ड खोलीवरून जात होते, आणि त्या अंधाऱ्या खोलीच्या आतून मोबाइल वाजायला लागला. पाठोपाठ काच लख्ख उजळली.

मी दार ढकललं. तिसऱ्या घोड्यामागच्या टेबलापाशी साहेब धडपडत उभे राहिले होते, एक हात खिशातून फोन काढत. समोर स्टुलावर शालिग्रामभाऊ, दोन्ही हात मांडीवर. टेबलावर बीबीची जुनी जन्म-मृत्यूची वही उघडी.

"हो सर," साहेब फोनवर बोलले, "मी जागेवरच आहे." फोन बंद करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही म्हणून तुम्ही सांगितलंत?"

"दिवा बंद होता साहेब," मी म्हटलं. "मला तर दिसले..."

वाक्य अर्धवट सोडलं. तेच शब्द, तोच माझा ठसका. शालिग्रामभाऊ माझ्याकडे बघत नव्हते, त्यांनी मुद्दाम मान वळवली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

साहेब पुन्हा खाली बसले. वहीवर बोट टेकवून म्हणाले, "बघा हे."

सन चव्वेचाळीसची नोंद होती. अर्जुनराव, बीबी. हे साहेबांचे आजोबा. त्यांच्या नावापुढे नऊ दिवसांत तीन मृत्यू. मुलगी, सात वर्षं, पटकी. मुलगा, चार वर्षं, पटकी. मुलगी, दीड वर्ष, पटकी. साहेबांचे वडील जन्मले त्यानंतर दोन वर्षांनी.

"वडिलांच्या आधी घरात कोणी होतं, हे आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही," साहेब म्हणाले. "माझे वडील त्यांच्या घरातले थोरले, असंच आम्ही समजत आलो." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "दिवा केव्हा गेला, मला कळलंच नाही."

"पंधरा मिनिटं झाले, साहेब," शालिग्रामभाऊ हलकेच म्हणाले. "तुम्ही आजोबाचं नाव सांगून बीबीच्या वह्यांची यादी कराले सांगितली होती ना मले. सोमवारी मी हेच पान वाचून राह्यलो होतो. मंगळवारी पुन्हा काढलं. साहेबाले सांगावं का नाही, हेच समजत नव्हतं. म्हटलं, साहेब म्हणतील म्हातारा नोकरीसाठी गोड बोलून राह्यला."

"मग आज का दाखवलंत?"

शालिग्रामभाऊंनी दोन बोटांनी वही मिटली. "दुसरं कोणतं पान दिलं असतं त तुम्ही हालले असते, साहेब."

सोमवारी फाइल माझ्या टेबलावर आली. नोटिशीच्या खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला होता: 'खुलासा मान्य. कारवाई रद्द. शनिवारी याच खोलीत मी स्वतः हजर असताना दिवा बंद होता.' त्याखाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा सोडली होती.

मी पेन उचललं, आणि खाली ठेवलं. उठून रेकॉर्ड खोलीकडे गेले. काच काळी होती. दार उघडून आत शिरले तसा डोक्यावर दिवा लागला आणि घोड्यामागून आवाज आला, "कोण हाये?" मी तिसऱ्या घोड्यापर्यंत चालत गेले, शालिग्रामभाऊंना डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथेच त्यांच्या टेबलावर फाइल ठेवून सही केली.