आयांचं टेबल, बाळांचं टेबल

पाचव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं आणि थोड्याच दिवसांत मी मोहालीतल्या ऑफिसात परत रुजू झाले. सांगलीहून आई फोनवर म्हणत होती, "अगं, महिनाभर तरी इकडं ये." मी नको म्हटलं. तिकडं जाऊन सगळ्यांसमोर रडावं लागलं असतं, आणि मला रडू येत नव्हतं. जेवण जात होतं, झोपही लागत होती. एयरोसिटीतल्या आमच्या फ्लॅटवरून विमान गेलं की काचा थरथरायच्या, तेवढं कळायचं.

रजेच्या अर्जात मी कारण नुसतं 'तब्येत' लिहिलं होतं. त्यामुळे आमच्या टीमचे लीड, एक वयस्कर सरदारजी, यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला एका जुन्या प्रसूतिगृहाचा डेटाबेस दिला. नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. नावं झाकलेली होती, फक्त नंबर आणि तारखा. कुठल्या टेबलमधला कुठला कॉलम दुसऱ्या कुठल्या टेबलकडे बोट दाखवतो, हे डेटाबेसमध्ये कुणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. ती नाती, म्हणजे फॉरेन की, मला शोधायची होती.

मला ते काम बरं वाटलं. डोकं चालत होतं, बाकी काही चालवावं लागत नव्हतं. कॉलमच्या नावांवरून पत्ता लागत नव्हता, म्हणून मी आकडे जुळवून बघत होते. त्यातही फसगत व्हायची. वॉर्डांचे नंबर एकपासून सुरू, डॉक्टरांचेही एकपासून; त्यामुळे वॉर्डचा कॉलम डॉक्टरांच्या टेबलशीही बिनचूक जुळायचा. नुसते आकडे जुळून भागत नव्हतं, तारखाही ताडून बघाव्या लागत.

बाळांच्या टेबलमध्ये 'आर टू' नावाचा एक कॉलम होता. त्यातला प्रत्येक नंबर आयांच्या टेबलमध्ये सापडला. बाळाची जन्मतारीखही त्या त्या आईच्या भरती होण्याच्या आणि घरी जाण्याच्या तारखांमध्ये बसत होती. मी लीडना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि उलट बाजूनं, आयांकडून बाळांकडे, बघायला सांगितलं. बऱ्याच आया अशा निघाल्या, ज्यांच्यासमोर बाळाची ओळच नव्हती.

"ये तो लिंक टूटा हुआ है जी," ते म्हणाले. "इन मदर्स का बेबी कहाँ गया? डेटा उड़ गया क्या? हॉस्पिटलवालों से पूछ लो."

"डेटा उडालेला नाही, सर," मी हिंदीत म्हणाले. "प्रत्येक बाळाला आई लागते. प्रत्येक आईला बाळ असेलच असं नाही. भरती झाली, घरी गेली. एवढंच."

"पक्का?"

"पक्का."

"अच्छा. ये तो मेरे ध्यान में ही नहीं आया," ते म्हणाले आणि चहा मागवायला उठले. मी ते नातं डेटाबेसमध्ये घातलं. एकही चूक न दाखवता ते बसलं. माझा हात माऊसवर होता आणि बोटं गार पडली होती. बाकी काही झालं नाही.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी हे नवऱ्याला सांगितलं. इतक्या दिवसांत त्या विषयाच्या जवळपास जाणारं आमच्यात हे पहिलंच बोलणं होतं. तो काकडी चिरत होता.

"आणि तू काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

मी लीडना दिलेलं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

त्यानं सुरी खाली ठेवली आणि ओट्याला टेकून तो रडायला लागला. मोठ्यानं, तोंड न झाकता. त्याला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी गॅस बंद केला, पिठाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि मला काही वाटतंय का, याची वाट बघत उभी राहिले.