खाटेला बांधलेला पेला

आमच्या वॉर्डातल्या मावशीने बेडपॅन, चादरी आणि लोकांची बोलणी यांत अठ्ठावीस वर्षं काढली. मी तिथली सिस्टर, म्हणजे बोलणी देणारीही आणि खाणारीही.

प्रत्येक खाटेशी बेल आहे. दाबली की वाजत नाही, एवढंच. तक्रारी लिहून लिहून माझे हात दुखले, तेव्हा मावशीनेच तोड काढली. प्रत्येक खाटेच्या दांडीला बँडेजच्या पट्टीने एक स्टीलचा पेला बांधला. पेशंटने तो आपटला की बाई हजर.

मग मानांकनाचं खूळ आलं आणि त्यामागोमाग क्वालिटीचे साहेब. भिंती रंगल्या, पाट्या लागल्या. बेलच्या वहीत तर पुढच्या महिन्याच्याही नोंदी भरून झाल्या: प्रत्येक हाकेला दोन मिनिटांत प्रतिसाद. वक्तशीरपणा म्हणतात तो हा! पेले तेवढे साहेबांच्या डोळ्यांत खुपले. तपासणीच्या सकाळी सगळे पेले कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं.

नऊ नंबरला घशाचं ऑपरेशन झालेले मास्तर होते. गळ्यात नळी, आवाज बंद. यांचा तरी राहू द्या, असं मावशीने विनवलं. साहेब म्हणाले, बेल आहे ना, आणि पुन्हा तोंड उघडलंस तर घरी बसवीन.

तपासणीवाले यायचे म्हणून आम्ही सगळ्या दाराशी रांगेत उभ्या, हसऱ्या चेहऱ्याने, कारण तसा लेखी हुकूम होता. मावशी मध्येच रांग सोडून आत गेली आणि तिने मला हाक मारली. मास्तरांच्या नळीत कफ अडकला होता. ओठ निळे, अंगठा बेलवर दाबलेला. मी मशीनने कफ ओढला. मास्तर थोडक्यात वाचले.

तुला कळलं कसं, असं मी विचारलं.

"पेला वाजत नव्हता ना," ती म्हणाली. "जिवाला राहवेना."

मानांकन मिळालं. बेलच्या वहीचं खास कौतुक झालं. मावशीला रांग मोडल्याबद्दल मेमो मिळाला. पेले कुलपातच राहिले आणि ती दुखऱ्या गुडघ्यांनी दर दहा मिनिटांनी खाटा फिरू लागली.

गेल्या महिन्यात नऊ नंबरला साहेबांचे वडील आले. त्यांच्याही गळ्यात नळी. साहेबांनी बेलकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून कपाटाची किल्ली काढून मावशीपुढे धरली.

"मावशी, बाबांना एक पेला बांधाल?"

मावशीने आधी त्यांच्या वडिलांना बांधला. मग एकेक करत सगळ्या खाटांना बांधून टाकले. किल्ली तिने परत दिली नाही.