कथलाची गोफणगोळी

तापलेलं कथील मातीच्या साच्यात ओतलं, ते निमूट आत गेलं. साच्यात ओल राहिली की धातू तोंडावर उडतो. ती ओल माझी बायको साचा गालाला लावून ओळखायची. ती गेल्यावर आज पहिल्यांदा मी माझा गाल लावला.

रोमन शिपायांच्या गोफणगोळ्यांच्या या नकला, संग्रहालयात पोरांना हाताळायला. म्हणून मूळ गोळ्यांतलं विषारी शिसं नाही, कथील. बदामासारखी गोळी गार होताना बघत बसलो. असल्या गोळीनं कुणाचं कपाळ फुटलं असेल, कुणाचं घर बसलं असेल. ही मात्र कुणाला मारणार नाही. बरं वाटलं.

"मामंजी, भाजलं का?" सून दारातून ओरडली.

"भाजलं असतं तर बोंबललो नसतो? भाकरी टाक, भूक लागलीय."

खरंच लागली होती, कितीतरी दिवसांनी.