सायबिणीचा तान्हा पोळा

सन १९७४, श्रावणाचा पहिला आठवडा: शाळेची दगडी पायरी निखळली आणि सहा वर्षांच्या मुलीचा डावा पाय मोडला. जबाबदार: पायरी हलते हे लेखी कळवूनही स्वस्थ बसलेली ग्रामपंचायत. त्याच वर्षी, पोळ्याचा दुसरा दिवस: सदर मुलीस तान्ह्या पोळ्याच्या रांगेतून बाहेर काढण्यात आले. जबाबदार: पंच. त्याच वर्षी, भाद्रपद: पाय वाकडा जुळला. जबाबदार: कोणीही नाही, असे मला आजवर तोंडी सांगण्यात आले आहे.

मुलगी माझ्या धाकट्या भावाची. गाव तिला सायबीन म्हणे, कारण मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन ती छपरीतल्या खाटेवर बसली, की समोरच्या रस्त्यावरून कोणालाही चौकशीवाचून पुढे जाता येत नसे. "कुठी चालले जी?" मोहाडीच्या बाजाराला निघालेला माणूस थांबून उत्तर देई आणि परतताना पिशवी उघडून दाखवी. वांगे किडके निघाले तर निकाल जागेवर लागे: "तुमाले ठगवलं जी. वापस करून या."

प्लास्टरच्या आत खाज सुटे. एकदा तिने खराट्याची काडी आत घातली, ती मोडून आतच राहिली. आई ओरडली, "काहून वं, काडी कुठी गेली?" उत्तर आले, "थे आता पायात किरायानं राह्यते." भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पाय टेकू नये, प्लास्टर भिजू देऊ नये, एवढेच बजावले होते, बसल्या बसल्या सरकू नये असे कोणी सांगितले नव्हते. त्या उणिवेचा पुरता लाभ घेऊन ती एका दुपारी गोठ्यात, कोंबडीच्या टोपलीशेजारी सापडली. आईने दरडावले, "एका जागी बसवत नाही का तुले?" ती म्हणाली, "कोंबडी बसते त तिले अंडे मिळते. मले काय मिळते?"

मी खाटेशेजारी बसून पंचायतीला अर्ज लिहीत असे. ती बराच वेळ बघत राही.

"मोठेबाबा, चिठ्ठ्या लिवून पाय लवकर जुळते का जी?"

"नाही."

"मंग कायले लिवून राह्यले?"

"दुसऱ्या कोणाचा मोडू नये म्हणून."

"त दुसऱ्याले सांगा न!" आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवून तिने स्वतः ताकीद देण्यास आरंभ केला. माझ्या अर्जांना उत्तर आले नाही. तिच्या ताकिदीनंतर त्या पायरीवरून दुसरे कोणी पडले नाही, हे नमूद करणे मला भाग आहे.

तिचे सारे लक्ष मात्र तान्ह्या पोळ्याकडे होते. त्या दिवशी मुलांचे चाकांवरचे लाकडी बैल तोरणाखाली रांगेत उभे राहतात आणि पंच बक्षिसे देतात. गावच्या सुताराने तिचा बैल आदल्या उन्हाळ्यातच करून ठेवला होता. खाटेवर तिने त्याची शिंगे इतक्यांदा रंगवली, की ती खऱ्या बैलाहून जाड झाली. चालता येत नाही, ही अडचण तिनेच सोडवली. धानाच्या बांधीतला चिखल सपाट करायची फळी आणवली, तीवर स्वतः बसली, आळीतली चार पोरे दोराला जुंपली आणि बैलाची दोरी आपल्या हाती धरली. पुढे पोरे, मध्ये सायबीन, मागे बैल, अशी ती मैदानात आली.

खुर्चीवर पंच म्हणून शाळेचे गुरुजी होते. ते म्हणाले, "ज्याचा बैल त्यानं पायी चालवावा, असा नियम हाय. इथं त पोट्टेच बैल झाले!" लोक हसले.

"गुर्जी," ती म्हणाली, "पोळा बैलाचा हाय का माह्या पायाचा?"

लोक आणखी हसले. गुरुजीही हसले, आणि हसता हसताच त्यांनी फळी बाजूला घ्यायला लावली.

नियम लेखी दाखवा, असे मी म्हणत होतो. चार शहाणे मला शांत करत होते. तेवढ्यात ती फळीवरून उतरली. मोडका पाय चिखलात रोवत, बैल ओढत, एकेक पाऊल टाकत ती रांगेच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"आता त पायी आली न मी!"

"रांग संपली, बाई," गुरुजी म्हणाले.

प्लास्टर भिजून मऊ पडले होते. भंडाऱ्याला नेले, दुसरे घातले. पाय जुळला, पण किंचित वाकडा. ती त्याविषयी कधी बोलली नाही. लग्न होऊन सिहोऱ्याला निघाली, तेव्हा मांडवातून गाडीपर्यंतचे अंतर ती त्याच पायाने, उगाच हळू न होता चालून गेली. पाया पडताना कानाशी म्हणाली, "मोठेबाबा, आता सोडा न. थकले तुमी." थकलो होतो, हे खरे आहे. सोडलेही होते.

परंतु या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यात, कुबडी घेऊन आलेल्या एका मुलाला त्याच मैदानात, त्याच नियमाखाली बाजूला बसवण्यात आले. सबब ही जाहीर विचारणा. नियम कोणी केला, कोणत्या सभेत केला आणि कोणाच्या भल्यासाठी केला, याचे उत्तर आजी-माजी पंचांनी तोरणाखाली उभे राहून द्यावे. माझ्या घरी समजूत काढायला येऊ नये, मला चहाला बोलावू नये. त्या मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलावे.