गळका पंप आणि पहिला रिपोर्ट

सोमवार, पाच जानेवारी. हजर: मी आणि दोन नव्या इंजिनिअर. एकीच्या इंग्रजी रिपोर्टचं अर्धं पान ‘रिस्पेक्टेड सर’मध्येच गेलेलं पाहिलं आणि माझ्या पहिल्या नोकरीतल्या, भोसरीच्या कारखान्यातल्या वरिष्ठ कांबळेबाईंची ऑइलच्या वासाची खोली आठवली. मी मराठी शाळेतली. तेव्हा माझी नोकरी कायम होणं एका गळक्या पंपाच्या इंग्रजी रिपोर्टवर अवलंबून होतं.

“अहो, पाणी गळतंय आणि तुमचा अजून नमस्कारच चाललाय!” बाई म्हणाल्या. “आईला फोनवर सांगाल तसं सांगा.”

मी मराठीत सांगितलं: काय झालं, कशामुळे, काय केलं. त्याच क्रमाने त्यांनी माझ्याकडूनच तीन इंग्रजी वाक्यं लिहून घेतली. साहेबांनी काहीही न विचारता सही केली. मी कायम झाले.

तेव्हा वाटलं, बाई चिडल्यात. आज कळतं, स्वतःचं काम थांबवून त्यांनी अख्खी दुपार मला दिली होती. त्यांना हे कोणी शिकवलं, ते विचारायचं अजून राहिलंय.