मेश्रामसाहेबांची ऐट

मेश्रामसाहेब चालताना दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरत. काखेत एकेक कलिंगड असावं तसे. यिशुन उपनगरातल्या आमच्या इमारतीत, म्हणजे ब्लॉकमध्ये, सगळे म्हणत, पुलांचे इंजिनियर, एवढी ऐट असायचीच. मीही तसंच मानत होतो.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. भारतात जाऊन येणारा प्रत्येक जण त्यात औषधं आणून टाकायचा आणि ब्लॉकमधल्या कुणा मराठी माणसाला काही झालं, की साहेब त्यातून काढून द्यायचे. "डॉक्टरकडे कायले जातं बाप्पा? आपल्या डब्यात सारं आहे ना!"

इथल्या दमट हवेत माझ्या जांघेत खाज सुटली, तेव्हा त्यांनी मला एक ट्यूब दिली. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या आठवड्यात लाली मांडीपर्यंत उतरली आणि मी रिकामी सीट सोडून एमआरटी मेट्रोत उभ्यानं पाया लेबारच्या ऑफिसला जाऊ लागलो. शेवटी क्लिनिक गाठलं. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "इनसाइड गॉट स्टेरॉइड लाह! युअर फंगस व्हेरी हॅपी." म्हणजे खाज दबली होती, पण आतून बुरशी पोसली होती. आता नुसत्या मलमानं भागणार नाही म्हणून त्यांनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली आणि दोनदा विचारलं, दुसरी काही गोळी चालू आहे का? नव्हती.

मी बरा झाल्याचं कळताच साहेबांनी मला लिफ्टजवळ गाठलं. इकडेतिकडे पाहून शर्टाची बटणं काढली. काखा, पोटाखालची घडी, सगळं लालभडक. ऐट कसली, बिचारे तीन वर्षं अंगावर काढत होते!

"दोन कॅप्सूल उरल्या असतील तर दे ना बे."

मी आणायला वळलोही होतो. तेवढ्यात बाईंचा प्रश्न आठवला.

"साहेब, दुसरी काही गोळी चालू आहे?"

"रक्त पातळ करायची. व्हॉल्व्ह बदलला ना माझा. काऊन?"

"मग आधी डॉक्टरांना विचारू."

"साऱ्या ब्लॉकले मी औषध वाटलं, अन् तू मले नाही म्हणतं?"

चार दिवस अबोला. मला फार वाईट वाटलं, पण पाचव्या दिवशी त्यांना क्लिनिकमध्ये ओढून नेलंच. डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. या दोन गोळ्या अशाच एकत्र घेतल्या असत्या, तर अंगातल्या अंगात रक्तस्राव झाला असता. त्यांनी रक्त तपासलं, आधीच्या गोळीचा डोस कमी केला, मगच कॅप्सूल दिली. पुढेही दर काही दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं.

बाहेर आल्यावर साहेब बाकावर बसले. "मी किती जणांले गोळ्या देल्ल्या रे," ते म्हणाले.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन नागपूरला परतले. जाताना डबा माझ्या हातात ठेवला. "घाबरू नको, चिवडा आहे." मग विमानतळावर काचेपलीकडे गेले, वळले आणि निरोपाला त्यांनी दोन्ही हात उंचावले, पार डोक्याच्या वर.